शर्यतीचा बोर्ड घेताना: वेग फळीत नसतो, मेळात असतो!

हौसेला मोल नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण हौसेच्या वस्तूला मोल असते, आणि ते महिन्याच्या पगारातूनच द्यावे लागते. म्हणून खेळाचे साहित्य घेताना दहा प्रश्न विचारले तर त्यात कसलाही कमीपणा नाही. उलट, न विचारता पैसे मोजून येणे आणि मग घरी येऊन कपाळाला हात लावणे, हाच खरा कमीपणा होय.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही अशाच एका महागड्या वस्तूविषयी लिहीत आहोत. पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळीवर सरळ उभे राहायचे, हातात उंच दांड्याचे एकच वल्हे घ्यायचे आणि कधी डाव्या, कधी उजव्या बाजूने पाणी मागे लोटत पुढे जायचे, असा हा खेळ आहे. त्याला स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात आणि खेळाडू थोडक्यात 'सप' म्हणतात. आजचा खेळ वाढला तो हवाई बेटांवरून. तेथे मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमधली सुमारे ५१ किलोमीटरची खाडी ओलांडण्याची शर्यत होते. २०१९ साली पेरू देशातील लिमा येथे भरलेल्या पॅन अमेरिकन स्पर्धांत या शर्यतीला प्रथमच स्थान मिळाले. आपल्या देशातही मार्च २०२४ मध्ये कर्नाटकात मंगळुरूजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. त्याच किनारपट्टीवर तयार झालेली तन्वी जगदीश ही मुलगी या शर्यतींत देशाचे नाव घेऊन उतरली. तेव्हा हा खेळ केवळ परदेशी श्रीमंतांचा, असे म्हणून आता हात झटकता येणार नाहीत.

हा खेळ मोबाईलवर पाहून एखादा तरुण किंवा तरुणी विचारते, "सर्वांत वेगवान बोर्ड कोणता?" आमचे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. असा बोर्ड दुकानात नसतो. अमुक वजनाची व्यक्ती, अमुक पाण्यात, अमुक अंतर ज्याच्यावर न पडता आणि न थकता काटू शकते, तोच तिच्यासाठी वेगवान बोर्ड. हे उत्तर ऐकायला साधे वाटते. पण ते न कळल्याने पैसे वाया जातात.

लांबी: चौदा फुटांचा हिशेब

शर्यतीत मुख्यतः दोन लांबीचे बोर्ड दिसतात. एक १४ फुटी, म्हणजे सुमारे ४.२७ मीटर. दुसरा साडेबारा फुटी, म्हणजे ३.८१ मीटर. लांबीला एवढे महत्त्व का, ते समजून घेऊ. बोर्ड पाणी कापत निघाला की त्याच्या पुढच्या टोकाशी लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. ती बोर्डाच्या लांबीएवढी झाली की बोर्ड जणू आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकतो. होडी बांधणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉट या मापात येते. या हिशेबाने १४ फुटी बोर्डाला ताशी सुमारे ९.३ किलोमीटरला अडथळा लागतो, तर साडेबारा फुटीला ८.८ किलोमीटरलाच. अरुंद बोर्ड आणि कसलेला खेळाडू ही मर्यादा ओलांडतात. पण त्यानंतरच्या प्रत्येक पावलाला ताकद फार खर्ची पडते.

फरक अर्ध्या किलोमीटरचा आहे, पण शर्यतीत तो मोठा. २०१० च्या दशकात अनेक शर्यतींत पुरुषांना १४ फुटी आणि स्त्रियांना साडेबारा फुटी बोर्ड असा भेद असे. शरीर लहान म्हणून बोर्ड लहान, असे कारण देत. पण पाण्याचा नियम बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा नसतो. आखूड बोर्ड हातात दिला की वेग आधीच कापला जातो, आणि नंतर वेळेची तुलना करून बाया मागे पडल्या असे म्हणायला लोक मोकळे! स्त्री खेळाडूंनी हा प्रश्न लावून धरला आणि त्या दशकाच्या अखेरीस मोठ्या शर्यतींत दोघांनाही १४ फूट ही पद्धत रुजली. वयाने लहान मुलांसाठी मात्र आखूड बोर्डांचे गट अनेक ठिकाणी असतात. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, बोर्डाची लांबी ठरवण्याआधी ज्या शर्यतीत उतरायचे तिचे नियमपत्रक वाचावे. वाचता आले नाही तर वाचून घ्यावे. गटात न बसणारा बोर्ड फुकट मिळाला तरी शर्यतीच्या कामाचा नाही.

रुंदी: येथेच बहुतेक जण फसतात

जगातले पहिल्या रांगेतले खेळाडू २१-२२ इंच रुंदीच्या बोर्डावर उभे राहतात. आपल्या घरातला पाट आठवा, म्हणजे त्या रुंदीची कल्पना येईल. अरुंद बोर्ड पाणी कमी ढकलतो, म्हणून त्याला अडथळा कमी. हे अगदी खरे आहे. पण याच खऱ्या गोष्टीने नवशिके फसतात. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू २१ इंचावर उभा आहे, मग मीही २१ इंचच घेणार, असा हट्ट धरतात.

आता दुसरी बाजू पाहू. बोर्डाचा कलंडण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. घन म्हणजे ती संख्या तीन वेळा गुणणे. लांबी आणि आकार सारखाच असेल, तर २२ इंचापेक्षा २६ इंची बोर्ड सव्वापट नव्हे, दीडपटीहूनही अधिक स्थिर असतो. चार इंचांत एवढा फरक! अस्थिर बोर्डावर पायांचे स्नायू सतत तोल सांभाळण्यात गुंततात. गुडघे ताठ होतात, वल्हे पुढे पोहोचत नाही, प्रत्येक फटका अर्धवट पडतो. ताकद पाण्याला मिळायची ती भीतीला मिळते.

एक सोपा हिशेब मांडू. समजा, कोणी १० किलोमीटर अंतर ताशी ८ किलोमीटर वेगाने काटतो. त्याला ७५ मिनिटे लागतील. अरुंद बोर्डाने त्याचा वेग ताशी ८.२ झाला असे धरू. आता लागतील सुमारे ७३ मिनिटे १० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिनिटे वाचली. पण वाटेत तो चारदा पाण्यात पडला आणि पुन्हा चढून वेग पकडायला दर वेळी अर्धा मिनिट गेला, तर दोन मिनिटे खर्ची पडली. कमाई गेली आणि मुद्दलही गेले. शिवाय ओल्या अंगाने चढण्यात जो दम जातो त्याचा हिशेब वेगळाच.

पहिला शर्यतीचा बोर्ड घेणाऱ्या सर्वसाधारण बांध्याच्या व्यक्तीने २५ ते २७ इंचांच्या आसपास पाहावे, असे आमचे मत आहे. वजन जास्त असेल किंवा पाणी खवळलेले असेल, तर आणखी एखादा इंच घेण्यात लाज वाटू नये. सरावाने तोल बसला की अरुंद बोर्डाकडे जाता येते. उलट दिशेने येणारा मात्र बहुधा खेळच सोडतो.

वजन आणि तरंग

बोर्डावर लिटरमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. तो त्याच्या आकारमानाचा. आर्किमिडीजचा नियम मुलांनी शाळेत पाठ केलेला असतो, तोच येथे लागू. ६० किलोची व्यक्ती, १२ किलोचा बोर्ड आणि २ किलो पाणी व इतर सामान मिळून ७४ किलो होतात. म्हणजे बोर्ड सुमारे ७४ लिटर पाणी बाजूला सारून तरंगेल. शर्यतीचे बोर्ड दोनशे लिटरांच्या पुढचे असतात, म्हणजे बुडण्याची भीती नाही. मग आकडा पाहायचा कशाला? भारी माणूस लहान आकाराच्या बोर्डावर उभा राहिला की शेपूट पाण्यात बसते आणि मागे पाणी ओढले जाते. हलका माणूस फार मोठ्या बोर्डावर असला की बोर्ड पाण्यावर उंच राहतो, वारा त्याला ढकलतो. कारखाने प्रत्येक बोर्डासाठी योग्य वजनाची मर्यादा देतात. ती पाहावी आणि आपले वजन काट्यावर करून सांगावे, अंदाजाने नव्हे.

बोर्डाच्या स्वतःच्या वजनाचाही मोठा बडेजाव चालतो. १२ किलोच्या कार्बन बोर्डाऐवजी १५ किलोचा घेतला, तर माणसासह एकूण भार ७२ चा ७५ होतो, म्हणजे फक्त चार टक्क्यांची वाढ. सुरुवातीला वेग घेताना आणि वळताना ती जाणवते; सरळ अंतरात कमी. एवढ्या फरकासाठी घरातली पुंजी मोडावी काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पाणी कोणते?

नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात अकरा शहरांना जोडणाऱ्या कालव्यांतून पाच दिवसांत सुमारे २२० किलोमीटर अंतर काटण्याची शर्यत होते. तेथे पाणी सपाट आणि अंतर प्रचंड. अशा ठिकाणी पुढचे टोक होडीच्या नाळेसारखे धारदार हवे. पाणी चिरत जाणारा, सरळ रेषा न सोडणारा बोर्ड तेथे कामाचा.

मोलोकाईच्या खाडीत उलट प्रकार. तेथे पाठीमागून वारा आणि मोठ्या लाटा येतात, आणि खेळाडू लाटेच्या उतारावरून घसरत वेग घेतो. तेथे पुढचे टोक थोडे वर उचललेले हवे, नाहीतर ते पुढच्या लाटेत घुसते आणि खेळाडू तोंडावर आपटतो. त्या शर्यतीच्या खुल्या गटात १४ फुटांहून लांब आणि पायाने सुकाणू फिरवता येणारे बोर्डही उतरतात.

तिसरा प्रकार किनाऱ्यावरचा. फुटणाऱ्या लाटांतून आत जायचे, तरंगत्या खुणेला वळसा घालायचा आणि परत यायचे. तेथे मागे सरकून शेपटीवर उभे राहत झटकन वळता येईल अशी मागची बाजू लागते.

यामुळेच काही कारखाने सपाट पाण्याचा एक आणि सर्व पाण्यांचा दुसरा असे वेगळे बोर्ड बनवतात. स्टारबोर्ड या कंपनीचे 'स्प्रिंट' आणि 'ऑल स्टार' हे दोन नमुने असेच. तलावात सराव आणि तलावातच शर्यत असेल तर पहिला प्रकार. समुद्राचा भरवसा नसेल तर दुसरा. हल्ली अनेक बोर्डांत उभे राहण्याची जागा पराती-सारखी खोल केलेली असते. पाय पाण्याच्या जवळ आल्याने तोल बरा राहतो, म्हणून अरुंद बोर्डही पेलतो. मात्र आत आलेले पाणी बाहेर जायला भोके आहेत की नाहीत, ती तुंबत नाहीत ना, हे पाहावे.

बोर्डाच्या खाली शेपटीकडे माशाच्या परासारखी एक पट्टी असते, तिला फिन म्हणतात. ती बदलता येते. पाणवनस्पती असलेल्या तलावात मागे झुकलेली फिन लावावी, म्हणजे गवत अडकत नाही. एवढ्या लहान बदलाने कधी कधी नव्या बोर्डाएवढा फरक पडतो.

दहा बाय बाराची खोली

आता घरचा प्रश्न. नवा कार्बनचा शर्यती बोर्ड परदेशात तीन हजार डॉलरच्या पुढे जातो. वर जहाजभाडे आणि कर. तो आणला तरी ठेवायचा कोठे? दहा बाय बाराच्या खोलीत चौदा फुटी फळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी ठेवली तरच मावते, आणि मग घरातल्या माणसांनी कोठे झोपायचे?

याला एक उत्तर हवेच्या बोर्डाचे आहे. त्याच्या वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो दोऱ्यांनी जोडलेले असते, त्यामुळे हवा भरल्यावर तो उशीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. हवा काढली की गुंडाळी करून पाठीवरच्या पिशवीत भरता येतो, बसने नेता येतो. शर्यतीच्या दृष्टीने तो कडक बोर्डापेक्षा मागे पडतो, कारण वजनाने मध्ये थोडा वाकतो आणि त्याच्या कडा गोल असतात. म्हणून कारखान्याने सांगितलेला हवेचा पूर्ण दाब भरावा. हात दुखले म्हणून अर्ध्यावर सोडू नये. कित्येक शर्यतींत हवेच्या बोर्डांचा स्वतंत्र गट असतो. त्या गटात सगळेच सारख्या अडचणीत, म्हणजे लढत बरोबरीची.

दुसरा मार्ग जुन्या बोर्डाचा. घेताना बोटांनी सर्व अंगावर टकटक करावी. एखाद्या जागी आवाज बद्द येत असेल किंवा दाबल्यावर दबत असेल, तर वरचा थर सुटला आहे असे समजावे. बोर्ड वजनकाट्यावर ठेवावा. मूळ वजनापेक्षा किलो-दोन किलो जास्त भरला तर आतल्या फोममध्ये पाणी मुरले आहे. फिनचा खाचा हलवून पाहावा. रंग नवा असेल तर तो का दिला, हे विचारावे. घेतल्यावर बोर्ड भर उन्हात तापत ठेवू नये. आतली हवा फुगून थर सुटतात.

तिसरा मार्ग, मंडळाने मिळून बोर्ड घेण्याचा. पाच-सहा कुटुंबांची मुले एकाच बोर्डावर आळीपाळीने सराव करू शकतात. अशा सामायिक बोर्डाची रुंदी मात्र त्यांतल्या सर्वांत कच्च्या मुलाकडे पाहून ठरवावी, सर्वांत पक्क्या मुलाकडे पाहून नव्हे.

वल्ह्याला विसरू नका

बोर्डासाठी कर्ज आणि वल्हे मिळेल ते, असे करू नये. ॲल्युमिनियमचे वल्हे सुमारे किलोभर भरते, चांगले कार्बनचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. मिनिटाला ५० फटके धरले तर ७५ मिनिटांत ३७५० फटके होतात. प्रत्येक फटक्यात ४०० ग्रॅम कमी उचलले, तर शर्यतीअखेर दीड हजार किलो वजन उचलण्याचे वाचले! त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर बोर्ड जुना आणि वल्हे चांगले, हा व्यवहार शहाणपणाचा. हलक्या बांध्याच्या मुलामुलींनी लहान पात्याचे वल्हे घ्यावे. मोठे पाते खांदा दुखावते.

जिवाशी खेळ नको

एक गोष्ट कडक शब्दांत सांगणे आमचे कर्तव्य आहे. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनमधील वेल्स प्रांतात, हॅव्हरफर्डवेस्ट गावी, पुराच्या पाण्याने भरलेल्या नदीत पॅडलबोर्ड घेऊन उतरलेला एक गट बंधाऱ्यावरून खाली ओढला गेला. चौघे दगावले. ती शर्यत नव्हती, साधी सहल होती. २०२५ मध्ये सहल नेणाऱ्या संयोजिकेला न्यायालयाने तुरुंगात पाठवले. बंधाऱ्याखालचे फिरते पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. आपल्याकडे बंधारे नाहीत असे गाव विरळा, म्हणून हे सांगितले.

तेव्हा नीट पोहता आल्याशिवाय बोर्डावर उभे राहू नये. जीवरक्षक जाकीट घालावेच. बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून बांधायची दोरी समुद्रात आणि तलावात पायाला चालते. वाहत्या नदीत मात्र पायाची दोरी दगडा-फांदीत अडकली तर हात तिथपर्यंत पोहोचत नाही. तेथे कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी दोरी लागते. पुराच्या पाण्यात तर उतरूच नये. बोर्ड घेताना जाकीट आणि दोरीचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरले त्यात बोर्ड बसवावा, उलटे करू नये.

आधी घड्याळ, मग पाकीट

शेवटी एक कसोटी सांगतो, तिला खर्च नाही. बोर्ड विकत घेण्याआधी भाड्याने किंवा उसना मागून घ्यावा. एकाच दिवशी, एकाच पाण्यात, एक किलोमीटर जाऊन-येऊन अंतर ठरवावे. आधी रुंद बोर्डावर, मग अरुंद बोर्डावर. विश्रांती घेऊन पुन्हा उलट्या क्रमाने. दोन्ही वेळा कोणीतरी काठावर घड्याळ घेऊन उभे राहावे आणि किती वेळा पडलो तेही लिहावे. पहिल्या दोनशे मीटरांचा वेग पाहून भुलू नये. शेवटचे दोनशे मीटर कसे गेले ते पाहावे. दमलेल्या पायांखाली जो बोर्ड शांत राहतो, तो आपला.

विकणारा म्हणेल, "विजेत्याने हाच वापरला होता." त्याला विनयाने सांगावे, "भाऊ, विजेत्याचे पाय माझ्याकडे नाहीत. माझे पाय मी आणले आहेत, त्यांना विचारू द्या." वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर अंगची ताकद साधारण तेहतीस टक्क्यांनी जास्त लावावी लागते. ती ताकद कोणत्याही दुकानात मिळत नाही, रोजच्या सरावानेच येते. घरच्या मुलीला किंवा मुलाला या खेळाची ओढ असेल तर पालकांनी जरूर पाठीशी उभे राहावे. आधी पोहणे पक्के करून घ्यावे, मग एक हंगाम उसन्या बोर्डावर जाऊ द्यावा. त्यानंतर जो बोर्ड घरात येईल, तो कोपऱ्यात धूळ खात पडणार नाही.